अँजिओग्राफीच्या आधी विचारा: धमनी सोनोग्राफीत बघून टोचणार ना?

गोदाकाठची (धागाकर्ती)

परवा आईला घेऊन घरी आले. तिच्या डाव्या मनगटावर मसुराएवढा एक लाल ठिपका आहे, बाकी काही नाही. तीन वर्षांपूर्वी हीच अँजिओग्राफी (धमनीतून नळी घालून काढलेला हृदयाच्या नसांचा फोटो) झाली तेव्हा तिची उजवी मांडी जांघेपासून गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली होती. दोन्ही वेळा तपासणी एकच होती. फरक पडला तो सुई कुठे आणि कशी टोचली याचा. हे आधी कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी मागची गोष्ट. आई तेव्हा भावाकडे दुसऱ्या शहरात होती. छातीत जडपणा आला, रुग्णालयात दाखल केलं. मनगटातून करू म्हणाले. बराच वेळ खटपट झाली, धमनी आकसली, हात दुखून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जांघेतून केलं. तिथे ठोका हाताला लावून अंदाजाने टोचतात, तसंच टोचलं. रिपोर्ट फारसा वाईट नव्हता, गोळ्यांवर भागलं. सहा तास पाय सरळ, वर वाळूची पिशवी, दुसऱ्या दिवशी घरी.

तिसऱ्या दिवशी साडी नेसताना तिच्या हाताला लिंबाएवढी गाठ लागली. गाठीवर हात ठेवला की आत ठोका लागायचा. मी घाबरून गेले. परत नेलं, डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) केली. धमनीच्या भिंतीतलं भोक बुजलंच नव्हतं. रक्त बाहेर येऊन एका कप्प्यात साठत होतं आणि दर ठोक्याला त्या भोकातून आतबाहेर करत होतं. पडद्यावर लाल आणि निळा रंग एकमेकांत गरगरताना दिसत होते. त्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या प्रोबनेच (कातडीवर फिरवतात त्या दांड्यानेच) ती जागा दाबून धरली. वीस मिनिटं होऊन गेली. आई ओठ चावून पडून होती. शेवटी भोक मिटलं. अशी गाठ दाबून मिटत नसेल तर आत थ्रॉम्बिन नावाचं औषध टोचतात, तेही सोनोग्राफीत बघतच. तेव्हा माझ्या मनात आलं, काम बिघडल्यावर हे मशीन आणता, तर टोचताना का नाही आणलं?

आता या वेळची. नाशिकमध्येच केली. आदल्या संध्याकाळी डॉक्टर खाटेजवळ आले, मागून वॉर्डातल्या मामांनी एक छोटं सोनोग्राफी मशीन ढकलत आणलं. आई म्हणाली, "अगं, हृदयाचं म्हणाले ना, मग हे पोटाचं मशीन कशाला?" डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "काकू, आधी रस्ता बघून घेऊ. हात सैल सोडा."

त्यांनी आधी उजव्या मनगटावर बोट ठेवलं आणि मलाही ठेवायला सांगितलं. अंगठ्याच्या बाजूची नाडी छान लागत होती. मग म्हणाले, "आता बोट तसंच ठेवा." आणि करंगळीच्या बाजूची धमनी त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबली. माझ्या बोटाखालची नाडी गेली. सोडली, परत आली. दाबली, गेली. मला काही कळेना. त्यांनी जेल लावून प्रोब ठेवला आणि मनगटापासून कोपराकडे हळूहळू सरकवत नेला. वरच्या बाजूला अंगठ्याकडची धमनी बुजलेली होती, रंगच भरत नव्हता. मनगटाशी मला लागत होती ती नाडी तळहातातल्या जोडरस्त्याने, करंगळीच्या धमनीतून उलटी फिरून आलेल्या रक्ताची. मागच्या वेळच्या खटपटीत ती धमनी बंद झाली असणार असं त्यांचं म्हणणं. आईला त्रास काहीच नाही, कारण हाताला दुसरी धमनी पुरते. पण नाडी लागते म्हणून कुणी तिथेच टोचायला गेलं असतं तर वायर पुढे सरकलीच नसती. पुन्हा तीच खटपट, पुन्हा जांघ.

मग डावं मनगट बघितलं. धमनी सरळ, मोकळी, २.६ मिमी. नेहमीची ६ फ्रेंचची नळी बाहेरून अडीच मिमीच्या आसपास असते (फ्रेंच हे नळीचं माप, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, पण तो आकडा नळीच्या आतल्या पोकळीचा), त्यामुळे ही चालेल म्हणाले. तरी दोन्ही जांघाही बघून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डावीकडून, पडद्यावर बघत, एका टोचणीत झालं. आई बाहेर आली आणि पहिलं काय म्हणाली, तर "झालं पण? मला वाटलं अजून भूलच देतायत."

मला कळलेलं थोडक्यात सांगते. जांघेतली मोठी धमनी एका ठरावीक टप्प्यातच टोचायची असते. तिथे मागे खुब्याच्या हाडाचा गोळा असतो, त्यामुळे नळी काढल्यावर धमनी हाडावर दाबून रक्त थांबवता येतं. थोडं वर टोचलं तर सुई ओटीपोटाच्या हद्दीत जाते. तिथे बाहेरून दाबता येत नाही. रक्त पोटामागे साठत राहतं, वरून काही दिसत नाही आणि रुग्ण पांढराफटक पडतो. थोडं खाली टोचलं तर धमनीचे दोन फाटे झालेले असतात, बारीक फाट्यात सुई जाते, मागे हाड नसतं आणि आईला झाली तशी गाठ होते. शेजारची नीलाही मध्ये सापडू शकते. बरं, हा फाटा सगळ्यांचा एकाच उंचीवर नसतो, काहींचा बराच वर असतो. बोटाला फक्त ठोका कळतो. फाटा कुठे आहे, भिंतीत चुना (कॅल्शियम) कुठे साचलाय, हे बोटाला कळत नाही.

म्हणून विनंती. घरात कुणाची अँजिओ ठरली असेल तर डॉक्टरांना आदल्या दिवशी शांतपणे विचारा: हातातून की जांघेतून? सोनोग्राफीत बघून टोचता का? आधी काही केलं असेल तर कुठून केलं होतं तेही सांगा. मी विचारलं तेव्हा कुणी रागावलं नाही.

---

सावली_२७

वाचताना अंगावर काटा आला. तुमच्या आईंना लवकर बरं वाटू दे. नाडी लागते पण रस्ता बंद, हे तर कधी ऐकलंच नव्हतं.

---

मुंबईनाका

माझी दोन वर्षांपूर्वी मनगटातून झाली, सोनोग्राफीबिनोग्राफी काही नव्हती. एका झटक्यात झालं, तीन तासांनी चहा पीत बसलो होतो. तेव्हा सगळ्यांनी घाबरून जाऊ नये. अनुभवी हात असेल तर बोटानेही होतं.

---

गोदाकाठची

@मुंबईनाका, बरोबर आहे तुमचं. बहुतेकांचं नीटच होतं. आईसारख्यांचं होत नाही आणि आपण त्यातले आहोत की नाही हे आधी कळत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

---

कॅथलॅबमधला

ताई, धागा वाचून राहवलं नाही. मी टेक्निशियन आहे, नाशिकमध्येच, कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) अकरा वर्षं झाली. टेबलाच्या बाजूने थोडं लिहितो.

सुई टोचून तिच्यातून वायर सारायची, सुई काढायची आणि वायरवरून नळी आत घालायची, ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. त्याआधी चीर देऊन धमनी उघडी करावी लागे. आजही आमच्याकडे रोज होतं ते हेच. हृदयाच्या नसांचा नेमका फोटो पहिल्यांदा सोन्स यांनी १९५८ मध्ये काढला, तोही कोपराजवळ धमनी उघडून. जांघेतून करायची पद्धत साठच्या दशकाच्या शेवटी जडकिन्स यांच्यामुळे रुळली. मनगटातून अँजिओग्राफी कँपो यांनी १९८९ मध्ये मांडली. थोड्याच वर्षांत किमेनेइज यांनी मनगटातून प्लास्टी (अडलेली नस आतून उघडणं) करून दाखवली. सगळा काळ बोटाचा. माझ्या आधीच्या पिढीतल्या सरांची बोटं खरोखर डोळ्यांसारखी चालतात, त्याबद्दल मला फार आदर आहे.

आता सोनोग्राफी. पोटाची असते तो प्रोब गोल तोंडाचा. आमचा सपाट, साबणाच्या वडीच्या कडेएवढा. तो उथळ भाग बारकाईने दाखवतो, मनगटातली धमनी कातडीखाली काही मिलिमीटरवरच तर असते. प्रोबवर निर्जंतुक पिशवी चढवायची, आत जेल, बाहेरही जेल. जांघेवर आडवा ठेवला की दोन काळी वर्तुळं दिसतात. प्रोबने हलकं दाबा. जे चपटं होतं ती नीला. जे गोल राहून ठोका देत राहतं ती धमनी. हे नवीन मुलाला दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग प्रोब खाली सरकवत न्यायचा, एका वर्तुळाची दोन होतात, तो फाटा. तिथून परत वर यायचं आणि हाडाचा गोळा मागे दिसेल अशी जागा धरायची. पुढच्या भिंतीवर चुना असेल तर पांढरा कडक पट्टा दिसतो, त्याच्यामागे काळी सावली पडते. ती जागा सोडायची. चुन्यातून सुई गेली तर नळी नीट बसत नाही, आणि नंतर भोक बुजवायचं साधनही धरत नाही.

खरी अडचण सुईच्या टोकाची. पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की नवा माणूस समजतो हेच टोक. ते टोक असेलच असं नाही, सुईच्या दांड्याचाही तसाच ठिपका दिसतो आणि टोक तोवर खाली गेलेलं असतं. म्हणून सुई थोडी पुढे, प्रोब थोडा पुढे, ठिपका दिसेनासा झाला की थांब, असं पाऊल पाऊल जावं लागतं. धमनीची वरची भिंत सुईखाली खोलगट दबताना दिसते, मग टचकन उसळून परत गोल होते आणि सुईतून लाल रक्त येतं. तो क्षण बघायला मिळाला की आम्ही सगळे श्वास सोडतो.

पुष्कळ ठिकाणी आता २१ गेजची बारीक सुई वापरतात. जाड सुई १८ गेजची. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक. पहिली टोचणी चुकली तरी बारीक सुईचं भोक लगेच मिटतं.

वेळेचं म्हणाल तर हात बसल्यावर मिनिट दोन मिनिटं. हात बसेपर्यंत जास्त. हे शिकावं लागतं. कोपऱ्यात मशीन आहे आणि वापरणारं कुणी नाही, अशा लॅबही असतात.

---

सावध_वाचक

धागा चांगला आहे, पण पुरावाही बघू या. मी औषधशास्त्राशी संबंधित काम करतो, म्हणून मूळ अभ्यास वाचले आहेत.

जांघेच्या बाबतीत पहिला मोठा अभ्यास अमेरिकेतला, २०१० चा, नाव फॉस्ट, १,००४ रुग्ण. सोनोग्राफी लावली तेव्हा पहिल्याच टोचणीत यश ८३ टक्के, नेहमीच्या पद्धतीत (त्यात क्ष-किरणात हाड बघून जागा ठरवतात) ४६ टक्के. रक्तवाहिनीच्या गुंतागुंती १.४ टक्के विरुद्ध ३.४ टक्के. नीलेत चुकून सुई जाणं १५.८ वरून २.४ टक्क्यांवर आलं. इथपर्यंत धागाकर्तीचं म्हणणं पक्कं.

पण २०२२ मध्ये कॅनडातून युनिव्हर्सल नावाचा अभ्यास आला, ६२१ रुग्ण. त्यात मोठा रक्तस्राव किंवा मोठी रक्तवाहिनीची इजा मिळून १२.९ टक्के विरुद्ध १६.१ टक्के. आकडा सोनोग्राफीच्या बाजूचा, पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पहिल्या टोचणीतलं यश मात्र इथेही स्पष्ट वाढलं, ७० वरून ८६.६ टक्के. नंतर सगळे अभ्यास एकत्र घेऊन मांडणी झाली तेव्हा रक्तस्राव आणि इजा कमी होतात असाच कल निघाला.

दुसरं, सगळ्यात मोठा फायदा मुळात जांघ सोडून मनगटाकडे वळण्यात आहे. २०११ चा रायव्हल आणि २०१५ चा मॅट्रिक्स, दोन्ही मोठे अभ्यास. हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांत मनगटातून केल्यास टोचल्या जागेचा त्रास कमी होतो हे त्यांत दिसलं. तेव्हा पहिला प्रश्न "हातातून जमेल का" हाच असावा.

---

गोदाकाठची

आभार. तुमचा प्रतिसाद मूळ लेखाला जोडून ठेवण्यासारखा आहे. आणि हो, आईच्या बाबतीत सोनोग्राफीने नेमकं हेच केलं: हातातून जमेल का, कुठल्या हातातून, याचं उत्तर दिलं. ती नसती तर उजवीकडे अडकून पुन्हा जांघेवरच गेलो असतो.

---

कॅथलॅबमधला

@सावध_वाचक, एक जोडतो. मनगटासाठीही सोनोग्राफीचा वेगळा अभ्यास आहे, रॉस्ट, २०१५, ६९८ रुग्ण. पहिल्या टोचणीत ६४.८ विरुद्ध ४३.९ टक्के. मनगटात हे फार महत्त्वाचं, कारण ती धमनी रुसते. दोनतीनदा टोचलं की आकसून सुतळीसारखी होते, मग नाडीच लागत नाही. बारीक चणीच्या बायकांत, मधुमेहात, वयस्करांत जास्त. काकूंच्या पहिल्या वेळी तेच झालेलं दिसतं.

आणि जांघ पूर्ण सुटलेली नाही. ऑपरेशनशिवाय हृदयाची झडप बसवतात त्या टावीला मोठी नळी लागते, १४ फ्रेंच किंवा त्याहून मोठी. ती मनगटात जाणं शक्यच नाही. हृदयाला आधार द्यायला फुग्याचा पंप लावायचा असेल, डायलिसिसच्या रुग्णाचा हात राखायचा असेल, तेव्हा जांघच. उलट आता सगळी मुलं मनगटावर शिकतात, त्यामुळे जांघेचा सराव कमी आणि जांघेत येणारे रुग्ण जास्त अवघड. म्हणून मला वाटतं, जांघेतून करायचं ठरलं की प्रोब हातात हवाच.

---

द्राक्षबागवाला

नमस्कार मंडळी. मी निफाडजवळचा. छाटणीच्या गडबडीत वडिलांचं निघालंय. वय ७४, साखर आहे, पूर्वी बिड्या ओढायचे. चालले की पोटऱ्या दुखतात, थांबले की राहतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पुढच्या आठवड्यात नाशिकला अँजिओ आणि जमलं तर लगेच प्लास्टी. महात्मा फुले योजनेतून करायचं आहे. योजनेत आहोत तर असले प्रश्न विचारलेले चालतील का? उगाच डॉक्टरांना राग यायला नको. आमच्याकडे कुणी शिकलेलं नाही, मीच बारावी.

---

कॅथलॅबमधला

दादा, योजनेचा रुग्ण आणि पैसे भरणारा रुग्ण, दोघांची धमनी सारखीच. बिनधास्त विचारा. तुम्ही आत्ता लिहिलंत ना, तसंच डॉक्टरांना सांगा: चाललं की पोटऱ्या दुखतात, थांबलं की थांबतं. हे फार महत्त्वाचं आहे. पायाच्या धमन्यांतही चुना साचला असण्याची शक्यता असते आणि मग जांघेतून जाताना जास्त जपावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. गोळीचं नाव लिहून न्या किंवा पाकीटच न्या. स्वतःहून बंद मात्र करू नका, कधी घ्यायची कधी थांबवायची ते तेच सांगतील.

---

द्राक्षबागवाला

पाकीट पिशवीत टाकून ठेवलं. धन्यवाद.

---

प्रोबधारी

मी रेडिओलॉजिस्ट. धाग्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. "मशीन छोटं आहे, मग प्रत्येक कॅथलॅबमध्ये का नसतं" असा प्रश्न मला नातेवाईक विचारतात. आपल्याकडे सोनोग्राफी यंत्र म्हणजे मिक्सर नव्हे की दुकानातून आणलं आणि लावलं. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, मग ते हृदयासाठी असो की गुडघ्यासाठी. जागा नोंदवायची, यंत्र नोंदवायचं, वापरणाऱ्यांची नावं द्यायची. नोंदणीच्या जागेबाहेर यंत्र असंच उचलून नेता येत नाही. म्हणून कॅथलॅबच्या दारावरही "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" हा फलक दिसतो, आणि हृदयविकाराचे सत्तरीतले आजोबा तो वाचून चक्रावतात.

कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्राने त्याआधीच, १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. मुलींचं प्रमाण किती घसरलं होतं ते मी माझ्या शिक्षणाच्या काळात पाहिलं आहे, त्यामुळे या कागदपत्रांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. रुग्णालयांनी ते काम एकदा नीट करावं आणि कॅथलॅबसाठी स्वतंत्र यंत्र नोंदवावं. आमच्या विभागातून दर वेळी मागवायचं म्हटलं की घाईच्या वेळी ते मिळत नाही.

धागाकर्तीच्या आईची उलटी वाहणारी धमनी मी डोळ्यांसमोर आणू शकते. रंग लावला की दिशा कळते, तळहाताकडे जायचं ते रक्त मनगटाकडे परत येताना दिसतं. त्या डॉक्टरांनी तुम्हाला बोट ठेवायला सांगितलं, हे मला फार आवडलं.

---

मुंबईनाका

एक शंका. रात्री तीन वाजता झटका आलेला माणूस आणला तर हे सगळं बघत बसायला वेळ असतो का?

---

कॅथलॅबमधला

चांगला प्रश्न. मोठ्या झटक्यात रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत नस उघडायचं लक्ष्य असतं. आमच्याकडे सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणारे आधीच रस्त्यात वेळ घालवून आलेले असतात, त्यामुळे एकेक मिनिट मोजलं जातं. पण अशा रुग्णाचं बीपी पुष्कळदा पडलेलं असतं, अंग गार, नाडी हाताला लागतच नाही. बोटाला काही नाही आणि पडद्यावर धमनी दिसते आहे, अशा वेळी प्रोबच वेळ वाचवतो. त्यात त्याला रक्त पातळ करायची औषधं भरपूर दिलेली असतात, म्हणजे चुकीच्या जागी टोचणं सगळ्यात महाग पडायची वेळ हीच. अट एकच, रोजच्या निवांत केसमध्ये हात बसलेला हवा. रात्री तीनला पहिल्यांदा प्रोब धरून चालत नाही.

---

आजीची_नात

घरी आल्यावर काय बघायचं तेही लिहा ना कुणी. आमच्या आजीची पुढच्या महिन्यात आहे.

---

गोदाकाठची

आम्हाला सिस्टरनी सांगितलेलं लिहिते. मनगटातून झालं असेल तर पारदर्शक पट्टा बांधतात, त्यात हवा भरलेली असते. ती टप्प्याटप्प्याने सोडतात, आपण घाई करायची नाही. काही दिवस त्या हाताने बादली उचलायची नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत, ओले कपडे पिळायचे नाहीत. (आईला पोळ्यांवरून थांबवताना माझी दमछाक झाली.) बोटं गार किंवा बधिर पडली, सूज वर चढत गेली तर लगेच फोन.

जांघेतून असेल तर खोकताना, शिंकताना टोचल्या जागेवर हात दाबून धरायचा. रक्त आलं किंवा एकदम फुगलं तर आडवं करून ती जागा घट्ट दाबायची आणि दुसऱ्याने गाडी बोलवायची. गाठ लागली, त्यात ठोका लागला, तर थांबायचं नाही. आणि पाठीत किंवा पोटात खालच्या बाजूला दुखतंय, घाम फुटलाय, चक्कर येतेय, पण जांघेवर काहीच दिसत नाही, तेव्हा तर अजिबात थांबायचं नाही. नुसतं निळंपिवळं पडलं असेल तर ते आठ-पंधरा दिवसांत जातं, तरी दाखवून घ्या.

---

प्रोबधारी

एवढंच जोडते: पहिल्या दिवशी निळसर भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. रेघेबाहेर पसरत गेला तर फोनवर सांगायला सोपं जातं.

---

सावली_२७

हा पेनचा उपाय घरातल्या ग्रुपवर टाकतेय.

---

द्राक्षबागवाला

मंडळी, आज वडिलांचं झालं. सांगायलाच आलो.

काल संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. आधी धीर होत नव्हता, मग या धाग्यावरचं वहीत लिहून नेलं होतं ते सरळ वाचूनच दाखवलं. ते हसले, वही हातात घेऊन बघितली. पोटऱ्यांचं सांगितल्यावर एकदम गंभीर झाले आणि मशीन मागवलं. जांघेतल्या धमनीत दोन्हीकडे चुना आहे, उजवीकडे जास्त. मला पडद्यावर पांढरी रेघ दाखवली, दगडाच्या कपारीसारखी. मनगटातली धमनी चांगली निघाली. आज तिथूनच, बघून टोचलं. दोन स्टेंट टाकले.

वडील आता उठून बसलेत. पट्ट्यातली थोडी हवा काढलीय, अजून थोडी बाकी आहे. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन त्यांची बोटं दाबून बघतात. मघाशी त्यांनी मला विचारलं, मजूर आले का, वरच्या प्लॉटाची छाटणी झाली का. मी म्हटलं झाली. दोन ओळी राहिल्यात, त्या उद्या बघतो.